दहा टक्के खुली जागा

‘घर पाहावं बांधून’ असं ज्यानं म्हणून ठेवलं, त्याला लेआउट मंजूर करून घ्यावा लागला नसावा. लागला असता तर बिचारा घरापर्यंत पोचलाच नसता. खोटं वाटत असेल तर नांदेडच्या आनंदराज गजभारेंना विचारा.

आनंदराज एसटीत कंडक्टर होते, डेपोत सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत. भरल्या गाडीत ‘सरका मागं, सरका मागं’ करत नोकरी गेली, आणि संसार गेला भाड्याच्या खोल्यांत. आडनाव ऐकल्यावर ‘खोली कालच गेली बघा’ म्हणणारे मालक काय कमी भेटले? रिटायर व्हायच्या आत आपलं घर, एवढा एकच ध्यास त्यांना आणि त्यांच्या बायकोला, ज्योत्स्नाबाईंना होता. म्हणून डेपोतल्या लोकांनी मिळून अर्धापूर रोडला पाच एकर जमीन घेतली, गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हा सेक्रेटरीपण आनंदराजनी आनंदानं गळ्यात बांधून घेतलं. दुसरं कुणी घेत नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

मंजुरी यायच्या आधी प्लॉट वाटू नयेत, असं ते बैठकीत घसा कोरडा करून सांगत होते. पण दम कुणाला? कच्च्या नकाशावरच चिठ्ठ्या काढल्या. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय! नारळ फुटले, दगडांना चुना लागला. संस्थेचे अध्यक्ष मडिवाळप्पा, देगलूरकडचे जुने ड्रायव्हर, त्यांनी तर दुसऱ्याच महिन्यात आपल्या प्लॉटात बोअर पाडला. आनंदराजच्या वाट्याला मधला, पूर्वेकडं तोंड असलेला प्लॉट आला. ज्योत्स्नाबाई उन्हात उभ्या राहून स्वयंपाकघराची खिडकी कुठं यावी ते हातानं दाखवत होत्या.

मग नगररचनेच्या कार्यालयात खेटे सुरू झाले. साहेब वाईट नव्हता, पैशाला हात लावत नव्हता. पण सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या तर त्याला पाप लागत असावं. आधी मोजणीचा नकाशा जुना निघाला. तो नवा आणला तर नाल्यापासूनचं अंतर दाखवा म्हणाला. ते दाखवलं, तर आतला रस्ता लांब आहे, नऊ मीटर चालणार नाही, बारा करा. रस्ता रुंदावला तसा प्रत्येकाचा प्लॉट आकसला, आणि लोक आनंदराजकडं असे बघायला लागले, जणू कमी झालेली जमीन हा माणूस पिशवीत घालून घरी घेऊन गेला.

शेवटची त्रुटी खुल्या जागेची. नियमानं दहा टक्के जमीन सगळ्यांसाठी मोकळी सोडायची. आपल्या लोकांनी ती दाखवली होती नाल्याच्या कडेची अरुंद पट्टी आणि कोपऱ्यातला एक तिरका तुकडा. कुणाला नको ते सार्वजनिक, हा आपला खाक्या! साहेबानं नकाशावर पेन्सिल ठेवून विचारलं, “या पट्टीत पोरं खेळतील कशी, तुम्हीच सांगा. एका जागी, रस्त्याला लागून दाखवा.” आनंदराजना राग आला तो याचाच, की साहेब बरोबर बोलत होता.

नकाशा काढणाऱ्यानं सांगितलं, जागा दोनच ठिकाणी बसते. एकीकडं बसवली तर मडिवाळप्पांचा प्लॉट जातो, दुसरीकडं आनंदराजचा. बाकी कुणाचा प्लॉट जात नाही, शेजारच्यांच्या कडा कापल्या तर नाल्याकडच्या पट्टीतून भरून निघतात; त्या अरुंद पट्टीत नवा प्लॉट मात्र पडत नाही.

बैठक भरली. आनंदराज म्हणाले, मंजूर होईल त्या नकाशावर चिठ्ठ्या नव्यानं काढू. जो वगळला जाईल तो जाईल, मग मी का असेना. झालं, मोहोळ उठलं! आमची पूजा झाली, आमचा प्लॉट लेकीच्या नावचा, आमचं वास्तूप्रमाणं बसलंय. उभ्या जन्मात गाडीतली माणसं मागं सरकवली, पण इथं एक जण बोटभर सरकायला तयार नाही.

मडिवाळप्पा खाली बघत म्हणाले, “मास्तर, माझा बोअर पडलाय. पाणी लागलंय. तुमचा तर नुसता दगडच हाय.”

मास्तरांच्या प्लॉटावर खुली जागा, हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले. ज्यांच्या मोजणीसाठी, सातबाऱ्यासाठी आनंदराज उन्हातान्हात हिंडले, त्यांचेच हात. सुधारित नकाशावर सेक्रेटरीची सही लागते. ती त्यांनी केली.

घरी आल्यावर ज्योत्स्नाबाईंनी विचारलं, “तुमी सही केली?”

“न्हाई केली तर भांडण कोर्टात गेलं असतं. सगळेच लटकले असते.”

“लटकू द्यायचे होते,” त्या म्हणाल्या, आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. भरलेले पैसे संस्थेनं परत केले, जुन्या भावानं. त्या पैशात आता अर्धापूर रोडला गोठाही येत नाही. आनंदराज स्वतःवरच चिडायचे, की नियम पाळा म्हणून कंठशोष केला आपण, आणि नियमानं धरलं तेही आपल्यालाच.

मंजुरी आली. जागेवर मांडव घातला, साहेबाचा सत्कार झाला. आनंदराजना पहिल्या रांगेत बसवलं होतं. मडिवाळप्पा माइकवर आले, म्हणाले की मास्तरांचे उपकार संस्था विसरणार न्हाई. मधल्या खुल्या जागेत बाग करू, कमान उभारू आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहू, ‘आनंदराज गजभारे उद्यान’. मांडव टाळ्यांनी दणाणला. ज्यांनी हात वर केले होते ते तर उभे राहून वाजवत होते.

दोन शब्द बोला म्हणून माइक आनंदराजच्या हातात दिला.

“माझं नाव मला दाराला लावायचं होतं, मडिवाळप्पा,” ते म्हणाले. “कमानीला न्हाई.”