पुंडलिकरावांची जोडवी

कारंज्याच्या बाजारात चांदीचं एक लहानसं दुकान आहे. गादीवर बसतात पुंडलिकराव, आणि दागिने घडवतात त्यांच्या पत्नी अनुसयाबाई, आतल्या खोलीत ऐरणीपाशी. सोनाराची लेक. बापाने भावांना काम शिकायला बसवलं आणि हिच्या हाती शेगडीची फुंकणी दिली. पुढे भाऊ सगळे नोकरीला लागले, काम राहिलं ते हिच्याच हातात.

वाळे, तोडे, पैंजण हे रोजचं. ते झालं की उरलेल्या चांदीत त्या आपल्या मनचं काही करत. एकदा बिनघुंगराचे पैंजण केले. सून घरात कुठे आहे ते सासूला बसल्या जागी ऐकू येऊ नये म्हणून. एकदा कानातले केले, एका कानात भरलेलं ताट, दुसऱ्या कानात अर्धं. गिऱ्हाईक बाई म्हणाली, काकू, जोड जमली नाही. अनुसयाबाई म्हणाल्या, हा भावाचा कान, हा बहिणीचा, घरोघरी अशीच जोड असते. बाई हसली, परत एकदा निरखून पाहिलं, आणि साधे झुमके घेऊन गेली.

पुंडलिकरावांना हे पटत नसे. "हे दागिने नाई, टोमणे हायेत," म्हणायचे आणि सगळं उचलून खालच्या खणात टाकायचे. समोरच्या काचेच्या कपाटात त्यातली एकही वस्तू कधी लागली नाही. अनुसयाबाईंना तेवढंच हवं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याने काचेतून बघावं आणि विचारावं, हे असं काऊन?

तर एक दिवस मेघा आली. पलीकडच्या गल्लीतल्या बाबारावांची पोरगी, दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न ठरलं होतं, विहारात व्हायचं होतं, आणि नवरदेव अश्वजित आर्वीकडे मास्तर. तिने जोडव्यांचे दोन जोड मागितले, एक स्वतःसाठी, एक अश्वजितसाठी.

पुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. मेघा म्हणाली, "काका, उद्या माह्या पायाकडे पाहून बसमधल्या माणसाले समजन का इचं लगन झालं. त्याचं काऊन समजू नाई? मी इचारलं त्याले. तो हो म्हणते."

आत हातोडी थांबली. अनुसयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, करून देते.

मेघा गेल्यावर नवराबायकोत जुंपली. माणसाच्या पायात जोडवी म्हणजे दुकानाची शोभा होणार, असं पुंडलिकरावांचं म्हणणं. शेवटी त्यांनीच तोड काढली. नवरदेवाने भर लग्नात जोडवी पायात ठेवली, तर खालचा अख्खा खण वर काचेत मांडायचा. नाही ठेवली, तर हे टोमणे कायमचे बंद. अनुसयाबाई कबूल झाल्या. नवरदेवाला मात्र त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

मापासाठी मेघाने अश्वजितची चप्पलच आणून दिली. ती पुंडलिकरावांना बरोबर बसली. बायकांच्या जोडव्याला खालून फट असते, त्यामुळे ते घालता-काढता येतं. अनुसयाबाईंनी विचार केला, माणसाची जात, दाराबाहेर पडला की काढून खिशात घालेल. म्हणून त्यांनी फट ठेवलीच नाही, गोल सांधून टाकली. मग नवऱ्याला स्टुलावर पाय ठेवायला लावला आणि माप बघायला दोन्ही पायांच्या बोटांत दाबून बसवली.

डावं निघालं. उजवं काही निघेना. साबण झाला, खोबरेल झालं, माठातलं पाणी झालं. बोट गाजरासारखं लाल झालं. कापावं म्हटलं तर कातरी लागताच पुंडलिकराव ओरडले, सूज उतरू दे आधी.

दुसऱ्या दिवशी ते चपला घालून चहाच्या टपरीवर गेले. संत्र्याच्या ट्रकवाल्याने पाय पाहिला आणि विचारलं, काका, हे काय? खरं सांगायची सोय नव्हती. "गुडघ्यासाठी हाये," ते बोलून गेले. "लय आराम पडते."

आता आपल्याकडे गुडघा कोणाचा दुखत नाही? दोन दिवसांत दुकानापुढे माणसांची रीघ लागली. धाब्यावरचा आचारी आला, ट्रकवाले आले, काठी टेकत म्हातारे आले. जन्मात बायकोच्या पायाकडे न पाहिलेली माणसं आपापले अंगठे पुढे करून बसली, आणि जोडवं अंगठ्याच्या शेजारच्या बोटात घालतात हे त्यांना शिकवावं लागलं. पुंडलिकराव खुशीत. त्यांनी पुठ्ठ्यावर 'गुडघेदुखीवर खात्रीशीर' लिहिलं आणि काचेत जोडव्यांच्या मागे उभं केलं.

अनुसयाबाईंनी पुठ्ठा काढून केरात टाकला. इतकी वर्षं जी काच मागितली ती मिळाली होती, आणि बघणारे विचारत होते, आराम किती दिवसांत पडतो?

"गुडघ्याचं नाव घेऊन माह्यी वस्तू तिथं नाई बसत," त्या म्हणाल्या. "खणातच बरी हाये ते." आणि अश्वजितसाठी नवा जोड करायला बसल्या. या वेळी फट ठेवली.

उजवं जोडवं अजून बोटातच होतं, नवरदेवाशेजारी ते दिसू नये म्हणून लग्नाला पुंडलिकराव भर उन्हाळ्यात मोजे घालून गेले. विहारात सगळे अनवाणी, हे त्यांना ठाऊक होतं. अश्वजित पांढऱ्या कपड्यांत येऊन बसला, पायात जोडवी. पोरगा दिसायला शांत. वंदना झाली, हार घातले गेले, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, नवरदेवाले आतापासूनच गुडघे धरले काय?

सगळे हसले. अश्वजितचे कान लाल झाले. त्याने पाय आत ओढले आणि त्याचा हात हळूच बोटाकडे गेला. मेघाने त्याच्याकडे पाहिलं. बायकांच्या बाजूला बसलेल्या अनुसयाबाईंनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर पुंडलिकराव उभे. भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहून ते उजवा मोजा काढत होते.

"गुडघ्याचं मी खोटं सांगतलं होतं," ते म्हणाले. "लाज वाटली म्हणून. हे माह्या बायकोनं केलं. लगन दोघाचं होते, मंग खूण एकीच्याच पायात काऊन, असं ते जोडवं इचारते. बायको जलमभर घालून हाये, मी आठ दिवसांत रडकुंडीले आलतो."

मग खांबाजवळचा एक म्हातारा काळजीने म्हणाला, "पण माहा गुडघा तर थांबला ना बा दुखाचा."

"थांबला असन तर ठेवा पायात," पुंडलिकराव म्हणाले. "पण आता कोणी इचारलं तर खरं सांगजा."

मग जे हसू उठलं त्यात नवरदेवही होता. त्याने दोन्ही पाय पुढे लांब केले, अगदी फोटोत येतील असे, आणि मेघाने आपले पाय त्याच्या पायांशेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकरावांनी खालचा खण आपल्या हाताने रिकामा केला. बिनघुंगराचे पैंजण, ताटांचे कानातले, सगळं काचेत लागलं. अनुसयाबाई बाहेर उभ्या राहून कितीतरी वेळ बघत राहिल्या, गिऱ्हाईक बघतं तसं. मग आत येऊन त्यांनी कातरी घेतली आणि नवऱ्याच्या बोटातलं जोडवं कापून काढलं.

"कापलं काऊन?" पुंडलिकराव म्हणाले. "आता तर सूजही नाई."

"अडकलं होतं म्हणून पायात होतं," त्या म्हणाल्या. "आता तुमचं तुमी पाहा." आणि ते उघडं जोडवं त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवून आत कामाला गेल्या.

पुंडलिकरावांनी दोन गिऱ्हाइकं केली. एका पोरीला ताटांच्या कानातल्यांचा अर्थ समजावून सांगितला, जरा वाढवूनच सांगितला. मग जोडवं उचलून ते आतल्या खोलीच्या दारात आले आणि पाय पुढे केला.

"जरा घट्ट दाबजो," म्हणाले, "चालता चालता बोटातून पडून जाईन."