पोचल्याशिवाय केर नाही

आमच्या घरातलं केर काढायचं यंत्र रोज सकाळी साडेसातला जमीन सोडून वर जायचं. मी तेव्हा शिरूरच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी असायचे. मोबाइलवर त्याचा निरोप यायचा, की चाकं जमिनीवर नाहीत, यंत्र सपाट जागी ठेवा. मग पाऊणएक तासाने दुसरा निरोप यायचा, की काम पुन्हा सुरू झालं. तो मी जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन बघायचे, कारण मोबाइल तिथेच जमा करावा लागतो, आत नेता येत नाही. संध्याकाळी घरी यावं तर फरशी लख्ख. मधल्या वेळात हे यंत्र असतं तरी कुठं, या प्रश्नाने मला दोन महिने छळलं.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो. नवऱ्याचं म्हणणं, पगार नसता मिळाला तरी हिने हेच केलं असतं. त्यामुळे घरातल्याच वस्तूत दोष निघावा आणि तो मला सापडू नये, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

यंत्र आणलं सासूबाईंसाठी. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्या भागात तशीच पद्धत आहे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही. आत्यांनी मान डोलावली आणि तिसऱ्या आठवड्यात केरसुणी घेऊन अंगणात वाकलेल्या सापडल्या. मी लांब दांड्याचा झाडू आणला. त्या म्हणाल्या, "यानं केर निघत न्हाई, नुसता हिंडतो." कामाला बाई लावली, तर तिच्या मागोमाग आत्या केरसुणी घेऊन फिरायच्या. चौथ्या दिवशी बाईने रामराम ठोकला. मग दिवाळीच्या बोनसमधून मी हे गोल यंत्र घेऊन आले.

पहिले आठ दिवस गल्लीतल्या बायका चहाच्या निमित्ताने ते बघायला येत होत्या. यंत्र तसं गुणाचं, पण त्याचे हट्ट होते. देवघरापुढचा पाट त्याला आवडायचा नाही, त्याला धडका देत बसायचं. लसणाची सालं आनंदाने खायचं. नवऱ्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, त्याच्या खिशातून तांब्याच्या तारेचे तुकडे घरभर सांडतात, ते ब्रशला गुंडाळले गेले की बंद पडायचं. मग नवरा रात्रीचं जेवण होईपर्यंत चिमट्याने ते सोडवत बसायचा, आणि मी तेवढ्या वेळात त्याला खिसे झटकण्याबद्दल जे सांगायचं ते सांगून घ्यायचे.

आत्यांनी त्याचं नाव गरगरं ठेवलं. बरंवाईट काही बोलल्या नाहीत. ते कॉटखाली आलं की दोन्ही पाय वर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दी त्याला." एकदा चुकून त्यांचा पाय लागला, तर कष्टाने वाकून त्याला हात लावला आणि हात कपाळाला नेला. केरसुणीला पाय लावायचा नाही, ती लक्ष्मी. तोच मान त्यांनी या प्लॅस्टिकच्या डब्याला दिला. मी तेव्हा पोट धरून हसले होते.

यंत्राची वेळ मी मोठ्या हुशारीने लावली होती. सकाळी सात पंचवीसला आम्ही दोघं एकदम बाहेर पडतो. नवरा मला गाडीवर चौकात सोडून दुकान उघडतो, कारण शेतकरी पंपांच्या जळलेल्या मोटारी घेऊन सकाळी सकाळीच येतात. घरात आत्या एकट्या, त्याही कॉटवर. फरशी मोकळी. म्हणून साडेसात. कारखान्यात मशीन पाच मिनिटं जरी उगाच थांबलं तरी आम्हाला उत्तर द्यावं लागतं, तीच शिस्त मी घरात आणली होती. सात पंचवीसला माणसं बाहेर, साडेसातला केर सुरू.

निरोप यायला लागले तेव्हा आधी मी यंत्रालाच धरलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला, त्याने चाकं पुसायला सांगितलं. नवऱ्याने ते दुकानात नेऊन उघडलं आणि दिवसभर मोटारींमधून फिरवलं, ते शहाण्यासारखं चाललं. आमच्याकडे कारखान्यात एक पद्धत आहे, दोष सापडला की पाच वेळा का विचारायचं. मी बसमध्ये बसून विचारायचे. चाकं वर का जातात? कुणीतरी उचलतं म्हणून. कोण उचलतं? घरात एकच माणूस. रविवारी का उचलत नाहीत? कारण रविवारी मी घरात असते, माझ्या डोळ्यांदेखत कसं उचलतील. का उचलतात? आत्यांना ते नकोय म्हणून. इथपर्यंत येऊन मी थांबायचे, कारण मला हवं ते उत्तर मिळालेलं असायचं.

त्यात आत्यांचा गुडघा सुजायला लागला. तपासणीला गेलो तर डॉक्टरांनी सरळ विचारलं, "आजी, वाकताय का?" आत्या म्हणाल्या, "न्हाई बा." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, असंच चाललं तर हा गुडघा वाया जाईल आणि दुसऱ्यांदा उघडणं या वयात सोपं नाही. परतताना रिक्षात माझा तोल गेला. म्हणाले, "आत्या, नको असलं तर नको म्हणा, मी विकून टाकते. पण चोरून ते उचलायचं आणि पायाची वाट लावायची, हे कशासाठी?" "मी कवा नको म्हणले," आत्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. दोन दिवस आमच्यात जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी चौकात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, ओळखपत्र घरीच राहिलंय. ते नसेल तर गेटवरून परत पाठवतात. नवऱ्याने गाडी वळवली आणि मी धावत घरात शिरले.

आत्या कॉटवर बसल्या होत्या. मांडीवर गरगरं, उताणं, चाकं वर करून. एक हात त्याच्या पोटावर, दुसऱ्या हातात त्यांचा बटणांचा फोन, आणि नजर फोनवर. मधूनच यंत्र बोललं, मला जमिनीवर ठेवा. त्या शांतपणे म्हणाल्या, "थांब वाईच. पोचली न्हाई अजून ती."

मला बघून त्या एवढ्या दचकल्या, की यंत्र पडता पडता राहिलं. मग पहिलं काय बोलल्या, तर "परत आलीस का? बस घडीभर. पाणी पिऊन मग जा." निघालेलं माणूस परत आलं की टेकून, पाणी पिऊन निघायचं, हे मला माहीत होतं. मी बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "आत्या, कोण पोचली नाही?"

"तू," त्या म्हणाल्या. "माणूस दाराभाईर पडलं की लगीच केर काढत न्हाईत, पोरी. ते कवा काढत्यात, ठाव हाय ना तुला?"

ठाऊक होतं. यवतला माझ्या माहेरीही हेच. घरातून माणूस कायमचा उचलून नेला की मागे घर झाडतात, म्हणून एरवी कुणाच्या पाठीवर केर काढायचा नाही. लहानपणी आम्ही निघालो की आई झाडू टेकवून ठेवायची. आणि मी काय केलं होतं? रोज, रविवार सोडून, स्वतःच्या पाठीवर बरोबर पाच मिनिटांनी केर काढायची सोय करून ठेवली होती.

तरी मी क्वालिटीतली. म्हणाले, "आत्या, ते यंत्र आहे. त्याला काय कळतंय?"

"त्येला न्हाई कळत. मला कळतंय ना."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मी स्कूटीवर कामाला जायचे. एके दिवशी हायवेला कुत्रं आडवं आलं, मी पडले आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. चाळीस दिवस माझी वेणी आत्यांनीच घातली. तेव्हापासून मी बसने जाते आणि गेटवर उतरले की त्यांना मिस कॉल देते, ही अटही त्यांचीच. मी पडले त्या दिवशी दौंडहून नणंदेच्या घरचे पाहुणे यायचे होते. म्हणून मी उंबरा ओलांडल्या ओलांडल्या आत्यांनी केरसुणी हातात घेतली होती. हे त्यांनी तीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही.

"मीच घाई केली," त्या म्हणाल्या. "तुजी गाडी कोपऱ्यावर वळली बी नव्हती."

मला फार लाज वाटली. पाचव्यांदा का न विचारताच मी चुकीच्या उत्तरापाशी थांबले होते. दुसरा निरोप सव्वाआठला यायचा, मीही सव्वाआठलाच मिस कॉल द्यायचे, हे रोज माझ्या हातात असून मला दिसलं नाही. त्यांना यंत्र नकोसं झालेलं नव्हतंच. त्या रोज सुजलेल्या गुडघ्याने वाकून ते उचलत होत्या, मांडीवर धरून बसत होत्या आणि माझा मिस कॉल आला की पुन्हा वाकून खाली ठेवत होत्या. पायाच्या अंगठ्याने बटण दाबलं असतं तर थांबलं असतं. पण पाय कसा लावणार.

कुत्रं केरामुळे आडवं आलं नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या हो म्हणाल्या. पटलं नाही हे आम्हा दोघींनाही कळलं. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता. मी मोबाइल काढला, साडेसातची वेळ पुसून टाकली आणि त्यांना म्हणाले, "उद्यापासून मी गेटवर उतरल्यावर तिथूनच हे चालू करीन. तुम्ही वाकायचं नाही."

"तिथनं हितलं चालू हुतंय?"

"होतंय."

"मंग आधी का न्हाई सांगितलंस," त्या म्हणाल्या.

त्याला आता वर्ष होत आलं. गुडघ्याची सूज उतरली. मिस कॉल बंद झाला, त्याची गरज राहिली नाही. मी गेटवर उतरून बटण दाबते आणि तिकडे शिरूरमध्ये गरगरं कोपऱ्यातून बाहेर येतं. ते निघालं की आत्या पाय वर घेतात आणि शेजारणीला सांगतात, पोचली आमची. एकदा हायवेवर गाड्या तुंबल्या, बस तासभर अडकली. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आज केर लई उशिरा निघाला." कारण विचारलं नाही, मीच सांगितलं.

मागच्या रविवारी आत्या दौंडला लेकीकडे निघाल्या. नवऱ्याने त्यांना एसटीत बसवलं आणि तो तसाच दुकानात एका मोटारीचं काम उरकायला गेला. आदल्या संध्याकाळी आम्ही शेंगा फोडत बसलो होतो, त्यामुळे घरभर टरफलं होती. मी एकटीच होते. यंत्र कोपऱ्यात चार्ज होऊन तयार. मोबाइल हातात होता.

दोन तासांनी नवरा आला. टरफलं पायाखाली कुरकुरली, तसा तो दारातच थांबला.

"अजून केर नाही काढलास?"

"आत्या पोचल्या नाहीत अजून," मी म्हणाले आणि पाय वर घेऊन कॉटवर बसून राहिले.