उन्हात घातलेली काळी पूड

बातमी आली तेव्हा मी चाळीच्या बोअरवर हंडा लावून उभी होते. आमच्या ह्यांचा कल्याणच्या हॉस्पिटलमधून फोन आला. ‘प्रमोद गेला,’ एवढंच बोलले. मला मोटरचं बटण बंद करायचं सुचलं नाही, रडायचंही सुचलं नाही. हंडा भरून पाणी माझ्या पायांवर वाहत होतं. पिवळसर, नेहमीसारखं...

प्रमोद भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बारावी झाल्यावर संगमेश्वरकडच्या गावाहून दिव्याला आमच्याकडे राहायला आले, ते कायमचेच. लग्न केलं नाही. कल्याणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले आणि तिथल्या सरांच्या हाताखाली शिकत शिकत संशोधनात शिरले. मी चौथी शिकलेली. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण भाऊजींशी बोलायला मला कधी लाज वाटली नाही. ते मला सगळं सांगायचे, मला कळतंय असं धरूनच.

आमच्या चाळीमागे पूर्वी लोखंडाला मुलामा देण्याचा कारखाना होता. तो बंद झाला, पण त्याचं विषारी क्रोम जमिनीत मुरलं ते मुरलंच. त्यानेच बोअरचं पाणी पिवळं येतं. नळाला पाणी दिवसाआड, तेही तासभर. मग भांडी, कपडे, अंघोळ सगळं बोअरवर, आणि नळ आला नाही की पिणंसुद्धा. माझ्या बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात, भरतात, परत होतात. भाऊजी माझे हात बघत राहायचे. एकदा म्हणाले, आम्ही लोखंडाची पूड बनवतोय, धुळीहून बारीक. ती पाण्यात टाकली की स्वतः गंजते आणि पाण्यातलं विष मोडून धरून ठेवते. मी म्हटलं, मग आपला तवाच सोडते की बोअरमध्ये. तर म्हणाले, ‘सोडा वहिनी, पण त्याला शंभर वर्षं लागतील, तोवर माझी भाकरी कशावर भाजाल?’ मग एक दिवस बरणीत बोअरचं पाणी घेऊन त्यांनी चिमूटभर पूड घातली. चहा उकळून होईपर्यंत ती काळी पूड खाली बसली आणि वरचं पाणी नितळ झालं. मी ती बरणी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होते.

पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, मधल्या दिवशी कॉलेज. तशा अंगाने त्यांनी पंधरा दिवस खपून एक मोठी बाटली भरली. रविवारी चाळीसमोर पिंपभर पाणी साफ करून दाखवायचं ठरलं. तेवढं झालं की सर पुढे बोअरमध्ये पूड सोडायची परवानगी मागणार होते. शुक्रवारी बाटली घरी आणून फळीवर ठेवली आणि शनिवारी सकाळी भाऊजी डायलिसिसला गेले.

त्या दिवशी मी गच्चीवर हळकुंडं आणि मिरच्या वाळत घातल्या होत्या. फळी पुसताना बाटली दिसली. पूड तळाशी आणि वर पाणी साचलेलं. मला वाटलं, ओल शिरली, आता बुरशी धरेल. पुढे कळलं, ते पाणी नव्हतं, पूड टिकावी म्हणून मुद्दाम घातलेलं स्पिरिट होतं. मी ते मोरीत ओतून दिलं आणि पूड कागदावर पसरून मिरच्यांच्या शेजारी उन्हात ठेवली. मनात होतं, आजारी माणूस, आपला तेवढाच हातभार... दुपारी वर गेले तर उघड्या हवेने पूड तापून, गंजून विटकरी झाली होती आणि कागद मधोमध करपला होता.

भाऊजी आले, गच्चीवर उकिडवे बसले, बोटाने पूड चाळवली. मी पदर तोंडाशी धरून उभी. मग हात झटकून म्हणाले, ‘चहा ठेवा वहिनी.’ आणि जिन्यात थांबून, ‘कुणाला सांगू नका. चाळीतल्या बायका तुम्हाला जगू द्यायच्या नाहीत.’ चाळीत त्यांनी सांगितलं, पूड आपोआप बिघडली, परत करू. पण त्यानंतर तब्येत ढासळली, ते कॉलेजात जाऊच शकले नाहीत. तीन आठवड्यांत गेले.

तेराव्यानंतर सर त्यांची वही न्यायला आले. पानं चाळून आमच्या ह्यांना म्हणाले, त्याने शेवटी लिहून ठेवलंय की बाटली घट्ट बंद होती तरी एका दिवसात पूड गंजली. घरी एक दिवस टिकत नाही ती गावोगाव काय न्यायची? हे काम आता बंद करावं लागेल. भाऊजी कामात खोटं कधी लिहीत नव्हते. हे एकच लिहिलं, आणि ते माझ्यासाठी. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझे ओठ हलले असतील. सरांनी वर बघितलं, ‘काही म्हणत होतात का, वहिनी?’

मी म्हटलं, साखर पुरेशी आहे का.

सर वही घेऊन गेले. त्यांचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये आहे. दोनदा लावला. पलीकडून ‘हॅलो’ आलं की मी फोन बंद करते. म्हणून हे लिहितेय, पण लिहूनही ते माझ्याच पेटीत राहणार...

गच्चीत कागद करपला त्या जागी लादीवर विटकरी डाग पडलाय. रोज मी बोअरचं तांब्याभर पाणी वर नेते आणि त्या डागावर ओतते. थोडी जरी पूड जिवंत असली तर... वाकून बघत राहते. पाणी डागावरून सरकतं, कडेच्या पन्हळीत जातं. पिवळंच जातं.