चौसाळ्याच्या गाड्या आणि मेंबरसाहेब

चौसाळ्याच्या चावडीत मी पुन्हा पुन्हा एकच विचारत होतो आणि गाव एकच उत्तर देत होतं, "आमी राजीखुशीनं गेलतो."

निजामाचं राज्य होतं. मी बीडच्या तहसिलीत नायब तहसीलदार होतो. डोक्यावर तुर्की टोपी, अंगात शेरवानी. ती ऐट आठवली की आज हसू येतं. शाई वाळवायला कागदावर वाळू टाकायचो, तिची करकर अजून बोटांना जाणवते.

बीडचे एक वकील हैदराबादच्या कायदेमंडळात मेंबर होते. वेठ, म्हणजे जबरीनं फुकट करून घेतलेलं काम, बंद व्हावी असं त्यांनी तिथं भाषण केलं होतं. आणि त्यांच्याच मुलीच्या वऱ्हाडासाठी चौसाळ्याच्या गाड्या वेठीला धरल्याची तक्रार वर गेली. मंडळानं चौकशी जिल्ह्याकडे धाडली. अव्वल तालुकदार, म्हणजे आजचे कलेक्टर, यांनी ती माझ्या गळ्यात घातली. माणूस मोठा आहे, जपून करा, म्हणाले. करू नका, असं मात्र म्हणाले नाहीत. त्यासाठी मी त्यांना आजही मानतो.

तक्रार गंगूबाईची होती. विधवा बाई. पेरणी तोंडावर आलेली आणि पाटोद्याच्या वाटेवर, चढाला, तिचा बैल बसला तो उठलाच नाही. बाकीचे बोलायला तयार नव्हते, कारण पाटील तिथंच लोडाला टेकून बसले होते.

मी मेंबरसाहेबांच्या घरी गेलो. त्यांच्याबद्दल मला आदर होता. मराठी शाळेसाठी त्यांनी फार खटपट केली होती. त्यांनी पान पुढे केलं आणि शांतपणे सांगितलं, की गाड्या त्यांनी मागितल्या नव्हत्या, पाटलांनी प्रेमानं पाठवल्या. हेच चावडीत सांगा, असं मी म्हणालो. ते दुखावले. नाही आलात तर तसं लिहावं लागेल, म्हटल्यावर आले.

चावडीत त्यांनी तेच सांगितलं. गंगूबाई दाराशी पदर सावरून उभी होती.

"मालक, तुमी मागितल्या न्हाईत, खरं हाय," ती म्हणाली. "पर आल्या तवा परत कावून न्हाई धाडल्या?"

मग मागून एक म्हातारा गाडीवान हळूच म्हणाला, "आमी बी राजीखुशीनं न्हवतो गेलो." त्याच्यामागून दुसरा बोलला, मग आणखी काही. पाटील बघत राहिले.

"लिहून घ्या," मेंबरसाहेब मला म्हणाले. "मला काही म्हणायचं नाही."

मी जीव ओतून रिपोर्ट लिहिला. हैदराबादहून उत्तर आलं, मेंबरसाहेबांना समज देण्यात आली आहे. त्यांची जागा कायम राहिली. गंगूबाईनं त्या साली सावडीच्या, म्हणजे शेजाऱ्याशी अदलाबदलीनं मिळालेल्या, बैलावर पेरलं.

पुढे मेंबरसाहेबांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. गाड्या चौसाळ्याच्याच होत्या, पण गाडीवानांनी भाडं आगाऊ घेतलं होतं.

माझा रिपोर्ट कुणी वाचला का, ठाऊक नाही. मात्र पुढच्या साऱ्या नोकरीत मी दोन्ही बाजू समोरासमोर बसवल्याशिवाय कलम उचललं नाही.