आफ्रिकेचा अस्सल जयजयकार

आधी चहाचा कप खाली ठेवा. हसताना अंगावर सांडला तर मला बोल लावाल. आता काय सांगू तुम्हाला, लातूरच्या भरल्या नाट्यगृहात, माईक हातात धरून मी माझी जी शोभा करून घेतली ना, ती आमची बायको अजून पाहुण्यांना पोह्यांबरोबर वाढून राहिली!

नांदेडात माझं भाड्यानं पोशाख द्यायचं दुकान आहे. राजा, राणी, पोलीस, परी, वांगं, टमाटं... शाळेच्या गॅदरिंगला लागेल ते मिळतं. शिवायला मुनीरभाई. त्यांचा आजासुद्धा शिंपीच होता. गळ्यात टेप, डोक्यावर पांढरी टोपी, आणि माझ्या प्रत्येक कल्पनेवर एकच शेरा, "सेठ, नक्को!"

माझी लेक प्रणाली फार्मसीला आहे. तिच्या कॉलेजनं लातूरच्या एकांकिका स्पर्धेत नाव दिलं. विषय काय? सुपरहीरो! तोही आफ्रिकेतल्या कुठल्याशा काल्पनिक राज्यातला. हल्ली तसले सिनेमे निघतात, ते बघून पोरं पार येडी झालेली.

मी म्हणालो, "लई सोप्पं! गवताचे घागरे आहेत, पिसं आहेत, हाडकांच्या माळा आहेत. तोंडाला थोडा काळा रंग..."

"पप्पा!" प्रणाली एवढ्या जोरात ओरडली की मुनीरभाईंची मशीन थांबली. "रंगाचं नाव काढलं तर बघा! सिनेमावाले आता कपडे, दागिने, भाषा, सगळं तिथल्या लोकांना विचारून करतात. आपण पण विचारून करायचं. अस्सल पाहिजे सगळं."

"विचारायचं कुणाला? आपल्या गोदावरीला?"

"नीमाला."

नीमा तिच्या वर्गातली. टांझानियाची पोरगी. दोन वर्षांपासून नांदेडात. मराठी एवढं शिकली होती की भाजीवालीशी भाव करताना प्रणालीच तिच्या मागं उभी राहायची. दुसऱ्याच दिवशी ती दुकानात आली. केसांच्या बारीक बारीक वेण्या, कानावरून खाली सोडलेल्या.

मी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणालो, "बेटा, तुमच्याकडचे अस्सल शब्द सांग. एकदम खास!"

तिनं कपाकडं बोट दाखवलं. "हे चाय. आम्ही पण चाय म्हणतो. पोळीला चपाती. पुस्तकाला किताबू. दुकानाला दुका."

माझं तोंड पडलं. "हे तर आमचंच झालं गं! आफ्रिकेचं सांग ना!"

"काका, हे आफ्रिकेचंच आहे," ती शांतपणे म्हणाली.

मग तिनं मोबाईलवर भावाच्या लग्नाचे फोटो दाखवले. मी आपला बिबट्याचं कातडं शोधून राहिलो, तर नवरदेव सुटाबुटात! बायकांच्या अंगावर मोठ्या नक्षीचं, चारी बाजूंनी काठाचं सुती कापड. त्याला कांगा म्हणतात. आणि म्हातारी माणसं कशात? पायापर्यंत पांढरा झगा, डोक्यावर गोल टोपी!

मुनीरभाईंनी चष्मा वर केला. फोटो बघितला. स्वतःकडं बघितलं.

"सेठ, म्हंजे मी इतकी वर्सं आफ्रिकेचा ड्रेस घालून राहिलो?"

आता तुम्हीच सांगा, प्रेक्षकांनी तिकीट काढून मुनीरभाईंना बघायचं का? पण प्रणाली ऐकेना. "हेच अस्सल, हेच शिवायचं!" नीमानं आपले दोन कांगे नमुन्याला दिले, मुनीरभाई कामाला लागले. माझ्या गवताच्या घागऱ्यांना कुणी विचारीना.

मी ठरवलं, कपडे जाऊ द्या, पण राणीच्या दरबारातला जयजयकार मी आणणार! शेवटी सुपरहीरो राणी शत्रूला पळवून त्यानं अडवलेली नदी सोडवते, तेव्हा सगळी प्रजा एका आवाजात गर्जते, असा प्रसंग होता. म्हणून नीमा निघताना मी माझा मोबाईल तिच्यापुढं धरला आणि रेकॉर्डिंग चालू केलं.

"बेटा, राजाराणीपुढं तुमची माणसं काय ओरडतात? जोरात बोल. एकदम शूर!"

ती क्षणभर थांबली. मग एकदम ताठ झाली. उजवा पंजा माझ्यासमोर उभा धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सिमू इनाइशा चाजी! नीताकुपिगीया बादाये!"

अंगावर काटा आला हो माझ्या! काय ते शब्द, काय तो पंजा!

"बास! बास! मिळालं!" मी रेकॉर्डिंग बंद केलं.

ती म्हणाली, "नाही काका, ते..." तेवढ्यात बाहेर तिचा ऑटोवाला भोंगा वाजवायला लागला. "मी उद्या सांगते."

"उद्या कशाला? तुला तकलीफ नको! माझं काम झालं."

ती गेली. आणि तिला व्हिसाच्या कामासाठी पुण्याला जावं लागलं, ते ती थेट लातूरलाच भेटली.

इकडं मी काय केलं? तालमी घेतल्या! सोळा पोरांना पंजा उभा धरायला लावला. "चाजी म्हणताना छाती पुढं!" प्रणालीनं विचारलं, "पप्पा, याचा अर्थ काय?" आता अर्थ मी कुठं विचारला होता? पण दुकानदार माणूस मी, माल माहीत नाही असं म्हणायची सवय नाही.

"सिमू म्हणजे सिंह," मी ठोकून दिलं. "आणि चाजी म्हणजे आपला गाजी. रणवीर. सिंहासारखी शूर राणी, असं."

मुनीरभाई सुई ओवता ओवता म्हणाले, "सेठ, पोरीला एक फोन लावून पुसा ना."

"तिनं स्वतः माझ्या तोंडावर म्हटलंय, मुनीरभाई!"

"नक्को सेठ," ते म्हणाले. मी ऐकलं का? न्हाई!

लातूरला प्रयोग काय रंगला म्हणता! कांग्याचे लाल-पिवळे रंग दिव्यांत असे उजळले की पडदा वर जाताच टाळ्या. नीमा पहिल्या रांगेत माझ्या शेजारी. आपल्याकडचे कपडे बघून तिचे डोळे भरून आले होते. मग राणीनं नदी सोडवली, सोळा पंजे वर गेले आणि गर्जना झाली,

"सिमू इनाइशा चाजी! नीताकुपिगीया बादाये!"

नीमा ताडकन पुढं वाकली. ओढणी तोंडावर धरली. खांदे गदगदा हलायला लागले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "रड बेटा, रड. घरची आठवण येणारच."

पडदा पडला. परीक्षक बाई स्टेजवर आल्या, कपड्यांचं तोंड भरून कौतुक केलं आणि विचारलं, "तो जयजयकार कुणी शोधला?"

मी गप्प बसायला पाहिजे होतं की नाही? पण मी स्टेजवर! माईक हातात! सिंह सांगितला, गाजी सांगितला, वर पदरचं घालून सांगितलं की ही गर्जना ऐकली की तिथले शत्रू मागं फिरायचे.

"आणि आमच्या सुदैवानं," मी हात पसरून म्हणालो, "ती भाषा बोलणारी लेक इथं हजर हाय! ये नीमा!"

नीमा आली. तिला हसू आवरत नव्हतं. माईक माझ्या हातातून घेतला, माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की माफ करा काका, आणि म्हणाली,

"सिमू म्हणजे फोन. चाजी म्हणजे चार्जिंग. मी भावाला बोलले होते, फोनची चार्जिंग संपत आहे, तुला नंतर फोन करते."

सभागृह जे फुटलं म्हणता! पंखे बंद असते तरी वारा लागला असता एवढी माणसं हलून राहिली.

"पण तू माझ्याकडं बघून म्हणालीस!" मी कसाबसा बोललो.

तिनं वेण्या बाजूला केल्या. कानात इवलासा इअरफोन. "तुम्हाला हात दाखवला, काका. थांबा म्हणून."

मी विंगेत बघितलं. प्रणालीचा चेहरा पांढराफटक. पोरीनं एवढं अस्सल, अस्सल करून जीव काढला होता, आणि बापानं शेवटच्या मिनिटाला माती केली. खरं सांगतो, त्या वेळी मला माझ्याच एखाद्या वांग्याच्या पोशाखात शिरून बसावंसं वाटलं.

नीमानं तिला बघितलं असणार. कारण माईक तिनं सोडला नाही. म्हणाली, "सिनेमात आमची माणसं नेहमी सिंह, भाला, ढोल बोलतात. माझ्या घरात सगळे दिवसभर हेच बोलतात. चार्जिंग संपली! आज स्टेजवर मला माझं घर दिसलं."

आधी परीक्षक बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. प्रणाली विंगेतून धावत आली ती नीमाच्या गळ्यातच पडली. दुसरं बक्षीस मिळालं आम्हाला! मुनीरभाईंना पोशाखाचं वेगळं. ते घ्यायला ते स्टेजवर गेले तेव्हा अर्ध्या लोकांना वाटलं, हे पण नाटकातलेच.

संध्याकाळी परतीच्या गाडीत पोरं गाणी म्हणत होती. नीमानं आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडं आई आणि शेजारच्या चार बाया कांगे नेसून दाटीवाटीनं बसलेल्या. माझा किस्सा ऐकून त्या आडव्या पडून हसल्या. मग आई काहीतरी म्हणाली.

"काका," नीमा म्हणाली, "आई म्हणते, तुम्ही माझ्या मुलीची काळजी घेता. तुमच्या भाषेत एक आशीर्वाद द्या. तिला ऐकायचा आहे."

मला भरून आलं. एवढ्या लांबची आई! घसा साफ केला, मोबाईल जवळ घेतला. चांगलं काहीतरी मनात जुळवून राहिलो, तेवढ्यात गाडी अहमदपूरच्या पुढं आली आणि पडद्यावर चित्र थांबायला लागलं. मी घाबरून ओरडलो,

"आवाज येईना! रेंज न्हाई! उतरल्यावर करतो!"

आणि फोन कटला.

दुसऱ्या दिवशी नीमा दुकानात आली. हसून हसून तिला बोलता येईना. आईनं पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. त्या पाची बाया, एका सुरात, टाळ्या वाजवत म्हणून राहिल्या होत्या,

"रेंज न्हाई! उतरल्यावर करतो!"

"काका, उद्या मावशीच्या मुलीचं लग्न आहे. आई विचारते, हा आशीर्वाद नवरीला चालतो का?"

मुनीरभाईंनी मशीन थांबवून माझ्याकडं बघितलं. "सेठ, नक्को!"

पण मी दुकानदार माणूस!

"सांग तिला," मी म्हणालो, "नवरीलाच तर देतात."