बिब्ब्याखालचा पू

राग माझ्या नाकावर असतो. अमरावतीत कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, तरी तो काही उतरला नाही.

एकदा वरूडकडून एक बाई आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आली. बाई संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामावर जायची. पोरीला ताप, मान डावीकडे सुजलेली, आणि सुजेवर गावठी उपाय म्हणून बिब्बा घातलेला. कातडी काळी पडून फोड आले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाळलंस लेकराला! आई आहेस की कोण?" मी टेबलावर हात आपटला.

"मॅडम, आयका ना, मांगच्या साली बी..."

"एक शब्द बोलू नकोस!"

बिब्ब्यानंच सूज आली असं मी ठरवून टाकलं. मलम, गोळ्या लिहिल्या आणि दोघींना अक्षरशः बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती पोरीला उचलून धावत आली. मान हनुवटीपर्यंत फुगलेली, श्वास घेताना घशातून शिट्टी वाजत होती. सोनोग्राफीत थायरॉइडच्या डाव्या भागात पू दिसला. बापा! या ग्रंथीत जंतू सहसा शिरतच नाहीत. असा रोगी मी तोवर पाहिला नव्हता. अकोल्याला माझ्या सरांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "याआधी किती वेळा झालं?"

मला कुठं माहीत होतं? फोन कानाला धरूनच मी बाईला विचारलं.

"दोनदा! दरसाली इथंच, याच बाजूले. तेच तं सांगून राहिली होती मी!" आणि तिनं माझ्या थोबाडीत हाणली. नर्स तिच्या अंगावर धावली, पण नर्सला मी अडवलं.

"घशातून ग्रंथीत जाणारं जन्मापासूनचं भोक असणार," सर म्हणाले. "आधी पू काढ, नाहीतर गुदमरून मरेल पोरगी."

पूर्ण भूल द्यायची सोय नव्हती, श्वासच थांबला असता. इंजेक्शननं जागा बधिर केली, पण इतक्या सुजेत ते कितीसं लागणार? चौघांनी हातपाय दाबून धरले. पोरगी लाथा झाडत होती. एका नर्सच्या मनगटाला कडकडून चावली. काळ्या कातडीलगत मी चीर दिली. पू उसळून माझ्या चष्म्यावर आला, मागोमाग रक्त. पोरगी अशी किंचाळली की बाहेर बाईनं दारावर डोकं आपटलं. माझ्या मात्र जीवात जीव आला. श्वास मोकळा झाल्याशिवाय एवढं ओरडता येत नाही.

पू तपासून शिरेतून औषधं दिली. दीड महिन्यानं अकोल्यात बेरियम पाजून घशाचा एक्स-रे काढला, तेव्हा ते बारीक भोक दिसलं. सरांनी तोंडातून दुर्बीण घातली आणि ते आतून जाळून बंद केलं. बाईला मीच समजावून सांगितलं.

तिनं विचारलं, "म्हंजे तुमी बी जाळलंच ना?"

"हो," मी म्हटलं. "आणि तेव्हा तुझं ऐकलं नाही, ते चुकलंच माझं."

तिनं पोरीच्या मानेवरचा काळा डाग आणि त्याच्या शेजारची माझी चीर ओढणीनं झाकली. "आता दुसऱ्या बाईचं तं आयकून घेजा," म्हणाली आणि पोरीचा हात धरून निघाली.