समोरची खुर्ची

सैन्याच्या पॅराशूटचे पट्टे तपासायला आमच्या विभागात चार निरीक्षक हवेत. त्यातले तिघं दुप्पट पगारावर पट्टे बनवणाऱ्या कंपनीतच गेले. उरले आमचे भिंगकाका. भरती मागितली तर वरून उत्तर आलं, ‘सध्या भागवून घ्या.’ जणू घरातली साखर संपली होती!

नियम असा की प्रत्येक माल दोघांनी तपासायचा. दुसरा माणूस आणायचा कुठून? म्हणून काका सकाळी आपल्या खुर्चीत बसून माल तपासत आणि जेवण झालं की समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसून तोच माल पहिल्यापासून तपासत. आम्ही हसायचो.

परवा सकाळी पास केलेला माल त्यांनी दुपारी नापास केला. एका पट्ट्याची शिवण उसवत होती. कंपनीतर्फे आलेला त्यांचा जुना सहकारी चिडला, “काका, सकाळी तुम्हीच सही केलीत ना?”

“सकाळचा माणूस चौघांचं काम ओढतोय. नजर चुकली त्याची.”

सहकाऱ्याने आवाज खाली आणला. “सोडा हे सगळं. आमच्याकडे या, दुप्पट पगार देतो.”

काकांनी शांतपणे भिंग पुसलं. “सकाळच्याला विचारून बघ. दुपारचा फुकट राबतोय. त्याच्या पगाराची दुप्पट किती होते?”